ओझं कुणाच्या डोक्यावर?

प्रस्तावना

कांद्याच्या चाळीचा निर्माता म्हणून कुणा एकाचं नाव घेता येत नाही. जमिनीपासून वर उचललेला तळ, फटी राखून ठोकलेल्या बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या भिंती, उतरतं छप्पर, वारा आरपार जाईल एवढीच रुंदी आणि खालचा कांदा दबणार नाही एवढीच थराची उंची. एप्रिल-मेमध्ये निघालेला उन्हाळ कांदा भाव बरा मिळेपर्यंत, कधी कधी दिवाळी तोंडावर येईपर्यंत, तिथे थांबतो. चाळीला वीज लागत नाही आणि मोडली तर गावातल्या गावात दुरुस्त होते. डिझाइनवर लिहिलेल्या पुस्तकांत तिचा फोटो क्वचितच दिसतो. या पुस्तकाची सुरुवात मात्र मला तिच्यापासूनच करायची आहे, कारण अन्नाच्या क्षेत्रात काम करू पाहणाऱ्या डिझायनरला विचारावे लागणारे बहुतेक प्रश्न तिच्यात आहेत.

चाळीतला कांदा आतून सडू लागला की बाहेरून कळत नाही आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. लासलगावच्या कल्याणी शिंदे यांनी नाशिकमध्ये गोदाम इनोव्हेशन्स हा उद्योग उभा केला, तो नेमका या अडचणीतून. सड लागलेल्या कांद्यातून निघणारे वायू आणि चाळीतली हवा यांवर सेन्सरने नजर ठेवायची आणि नासाडी पसरण्याआधी शेतकऱ्याला सावध करायचं, ही त्यामागची कल्पना. ती मोलाची आहे. पण फोनवर सूचना आली की पुढचे प्रश्न उभे राहतात. चाळ उपसायची तर मजूर हवेत, कांदा निवडायचा तर कोरडी मोकळी जागा हवी, पावसाने उघडीप द्यायला हवी आणि निवडलेला माल लगेच विकायचा तर बाजार समितीत त्या आठवड्यात भाव हवा. यंत्र माहिती देतं आणि ती माहिती निभावण्याचं ओझं शेतकऱ्याकडे राहतं. हे ओझं वाटून कसं घ्यायचं, गावात निवडणीची टोळी कशी बांधायची, निवडलेला कांदा वाळवणाऱ्या किंवा प्रक्रिया करणाऱ्याकडे त्याच दिवशी कसा पोचवायचा, त्याचा दर आधी कसा ठरवायचा, हे सगळं आखणं हेही डिझाइनच आहे. माझ्या मते अन्नाच्या बाबतीत तेच खरं डिझाइन आहे.

अन्नव्यवस्थेतला प्रत्येक नवा उद्योग कुणाचा तरी त्रास कमी करतो आणि ते करताना कुठला तरी त्रास दुसरीकडे सरकवतो. ग्राहकाचा वेळ वाचतो, पण डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या जिवाला घोर लागतो. दुकानातली नासाडी कमी होते, पण आकाराने लहान माल शेतावरूनच परत जातो. ही सरकवासरकव ज्याला नकाशावर मांडता येते आणि बदलता येते तो डिझायनर, मग त्याच्याकडे डिझाइनची पदवी असो वा नसो. हे पुस्तक त्याच्यासाठी आणि त्याला कामाला लावणाऱ्या नवउद्योजकांसाठी आहे.

प्रश्नाचा आवाका आधी पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरातली घरं, खानावळी आणि दुकानं यांनी मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया घालवलं. ग्राहकासाठी उपलब्ध अन्नाचा हा १९ टक्के हिस्सा आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा. काढणीपासून दुकानापर्यंतच्या वाटेवर जे जवळपास १३ टक्के नासतं, ते यात धरलेलंच नाही. माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी साधारण एक तृतीयांश अन्नव्यवस्थेतून येतं. भारतात लुधियानाच्या ‘सिफेट’ या काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये दिलेल्या अभ्यासात फळं आणि भाज्यांचं नुकसान पिकागणिक ४.५८ ते १५.८८ टक्के निघालं. स्टार्टअपच्या सादरीकरणांत सर्रास ४० टक्क्यांचा आकडा सांगितला जातो, त्यापेक्षा हे कितीतरी कमी. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. चाळीस टक्के नासतं असं धरलं की उत्तर म्हणून एक मोठं शीतगृह डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात नुकसान तोडणीत थोडं, निवडणीत थोडं, गाडीत थोडं आणि साठवणीत थोडं असं विखुरलेलं असतं. मग कामही तसंच करावं लागतं, प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं.

आपल्याकडे अन्नव्यवस्थेचं सर्वांत मोठं डिझाइन घडलं, तेव्हा त्याला कुणी डिझाइन म्हटलं नव्हतं. १९४६ मध्ये गुजरातेत खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्याच्या मुळाशी मुंबईचं दूध होतं. मुंबई दूध योजनेसाठी आणंदहून दूध जायचं, ते पोल्सन या खासगी डेअरीमार्फत, आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव मधलेच ठरवायचे. त्रिभुवनदास पटेल, १९४९ मध्ये तिथे आलेले वर्गीस कुरियन आणि म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचं तंत्र बसवणारे हरिचंद दलाया ही नावं आपल्याला ठाऊक असतात. मला सर्वांत जास्त आकर्षण वाटतं ते गावातल्या संकलन केंद्राचं. सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, बाईने आणलेलं दूध तिच्यादेखत मोजायचं, नमुना घेऊन स्निग्धांश तपासायचा, वहीत नोंद करायची आणि सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी द्यायचे. दूध पातळ निघालं तर भाव कमी का, हे तिला तिथल्या तिथे कळतं. एक म्हैस असलेल्या घरालाही रांगेत तीच जागा मिळते. या रचनेत विश्वास निर्माण होतो तो मापाच्या भांड्यातून, तपासणीच्या नळीतून, वहीच्या रकान्यातून आणि पैसे मिळण्याच्या वेळेतून. पुढे १९७० पासून ‘दुधाचा महापूर’ योजनेने हीच रचना देशभर नेली. आज अ‍ॅप बांधणाऱ्या कुठल्याही चमूने आधी अशा एका केंद्रावर दोन पाळ्या बसून पाहाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

शिक्षणसंस्थांतल्या डिझाइनचा प्रवाह याला समांतर वाहत होता. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला आणि त्यात साध्या लोट्याकडे बोट दाखवून विचारलं की अशी वस्तू घडवायला काय काय विचारात घ्यावं लागेल. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली आणि १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झालं. ते घडवणारे सुधाकर नाडकर्णी जर्मनीतल्या उल्मच्या शाळेत शिकून आले होते. १९७१ मध्ये व्हिक्टर पापानेकच्या पुस्तकाने जगभरच्या डिझायनरांना विचारलं की तुमची बुद्धी श्रीमंतांच्या हौसेसाठी किती काळ खर्ची घालणार. १९७९ च्या अहमदाबाद जाहीरनाम्याने विकासासाठी डिझाइन ही भूमिका आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर मांडली. उद्देश थोर होते. तरी या संस्थांतून बाहेर पडलेल्यांपैकी फार थोडे शेताकडे वळले. मोटारी, घरगुती उपकरणं, छपाई आणि नंतर पडद्यावरचं काम यांनी त्यांना सामावून घेतलं. शेतीत अभियंते होते, कृषी विद्यापीठं होती, स्वयंसेवी संस्था होत्या. डिझायनरची खुर्ची मात्र बरीच वर्षं रिकामी राहिली.

ती रिकामी राहिल्याची किंमत सुधारित चुलींच्या बाबतीत दिसली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला आणि २००० नंतर तो थांबेपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. प्रयोगशाळेत त्या कमी लाकूड जाळायच्या आणि धूर धुराड्यातून बाहेर जायचा. रेमा हॅना, एस्तर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात अशाच चुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला, नंतर तो फरक उरला नाही. चुली फुटल्या, धुराडी साफ झाली नाहीत, घरांनी त्या नियमित वापरल्या नाहीत. आपल्याकडे भाकरी करणाऱ्या कुठल्याही बाईने हे आधीच सांगितलं असतं. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर शेकायची असते, ती टेकवायला चुलीचं तोंड उघडं लागतं, आणि सरपण फोडून बारीक करण्याचं जादा काम शेवटी तिच्याच वाट्याला येतं. सरपणाची बचत मोजली गेली, तिचे श्रम मोजले गेले नाहीत. पुण्यात आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘आरती’ या संस्थेने स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारं लहान बायोगॅस संयंत्र केलं आणि त्याला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शेणाच्या मोठ्या संयंत्राला गुरं हवीत, जागा हवी. हे संयंत्र शहरातल्या घराच्या आवारात बसतं आणि त्या घरात जे रोज उरतं त्यावरच चालतं. माणसाच्या दिनक्रमापासून सुरुवात केली की यंत्राचा आकारच बदलतो.

जगात या क्षेत्राच्या दोन-तीन वाटा ठळक आहेत. युरोपात, विशेषतः स्पेन आणि नेदरलँड्समध्ये, ‘फूड डिझाइन’ नावाची शाखा रुजली. मार्ती गिशे यांनी खाण्याच्या पदार्थाकडे वस्तू म्हणून पाहिलं, तर मार्‍ये फोगेलझांग यांनी खाण्याच्या कृतीकडे. या कामाने लोकांना ताटाकडे नव्याने बघायला लावलं, पण त्यातलं बरंचसं प्रदर्शनाच्या दालनातच राहिलं. दुसरी वाट नव्या साहित्याची. लंडनमध्ये डिझाइन-अभियांत्रिकी शिकताना भेटलेल्या पिएर पास्लिए आणि रॉड्रिगो गार्सिया गोन्सालेस यांच्या नॉटप्ला या उद्योगाने समुद्री शेवाळापासून वेष्टनं केली. २०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये धावपटूंना अशा खाऊन टाकता येणाऱ्या पिशव्यांतून पेय दिलं गेलं. हैदराबादच्या बेकीज या उद्योगाने ज्वारीच्या पिठाचे खाता येणारे चमचे केले. तिसरी वाट व्यवस्थेचाच विचार करण्याची. डॉनेला मेडोज यांनी दाखवून दिलं की मोठ्या व्यवस्थेत आकडे इकडेतिकडे केल्याने फारसं हलत नाही. माहिती कुणाला मिळते, नियम कोण ठरवतं आणि व्यवस्थेचं ध्येय काय, इथे हात घातला तर ती हलते. माझा कल या तिसऱ्या वाटेकडे आहे हे लपवत नाही. पण व्यवस्थेचे नकाशे भिंतीवर लावून समाधान मानणारेही मी पुष्कळ पाहिलेत. नकाशातून एक तरी भांडं, एक तरी पावती, एक तरी करार निघायला हवा.

माहिती कुणाला मिळते याचं आपल्या घरचं उदाहरण द्राक्षांचं आहे. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांसाठी ‘अपेडा’ या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाने २००६ मध्ये ग्रेपनेट सुरू केलं, ज्यात बागेचा प्लॉट, फवारणी, तपासणी आणि खोका एकमेकांशी जोडलेले असतात. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वॉट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि निर्यातदारांसह बागायतदार कर्जात रुतले. माग काढण्याची व्यवस्था होती, पण कशाचा माग काढायचा हे वेळेवर बागेपर्यंत पोचलं नव्हतं. नाशिकजवळ मोहाडीत विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी याच काळातली. बाग, शीतकरण, प्रतवारी आणि परदेशी ग्राहक यांच्यामधलं अंतर शेतकऱ्यांच्याच मालकीच्या छताखाली आणणं, ही तिची घडण.

डिझाइनने दिशा बदलल्याचं एक उदाहरण मी नेहमी सांगतो. सोरिन ग्रामा आणि सॅम व्हाइट यांनी अमेरिकेत प्रोमेथियन पॉवर सिस्टिम्स सुरू केली, तेव्हा मनात होतं ते सौरऊर्जेवर चालणारं शीतयंत्र. भारतातल्या गावांत फिरल्यावर कळलं की ते परवडणारं नाही. गावात वीज आहे, पण दूध येतं त्या वेळी ती असेलच याची खात्री नाही, म्हणून संकलन केंद्रं डिझेल जाळतात. मग त्यांनी सौर तावदानं बाजूला ठेवली आणि वीज असेल तेव्हा थंडावा साठवून ठेवणारी रचना केली. गाईच्या अंगाच्या उबेचं दूध त्या साठवलेल्या थंडाव्याने थोड्या वेळात चार अंशांपर्यंत उतरतं. पुण्यात त्यांचं काम वाढलं. सौरऊर्जा हा शब्द गुंतवणूकदारांना आवडणारा होता, तो सोडायला धैर्य लागलं असणार. असा निर्णय घ्यायला प्रयोगशाळेपेक्षा संकलन केंद्रावरची पहाट जास्त उपयोगी पडते.

मराठवाड्यात काम करणाऱ्या एस फोर एस टेक्नॉलॉजीजचं उदाहरण त्याच्याही पुढे जातं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या मित्रांनी विजेविना चालणारा सौर वाळवणी संच केला. नुसता संच विकला असता तर तोही अनेक घरांच्या छतांवर धूळ खात पडला असता. त्यांनी गावातल्या बायांना संच चालवणाऱ्या उद्योजिका केलं, दिसायला डावा म्हणून भाव न मिळणारा कांदा, आलं, भाजी त्यांच्याकडे आणली आणि वाळवलेला माल स्वतः विकत घेऊन खाद्यउद्योगांना पुरवला. विक्रीची जोखीम कंपनीने उचलली. २०२३ मध्ये त्यांना अर्थशॉट पुरस्कार मिळाला. संचाची रचना चांगली आहेच, पण माझ्या लेखी त्या डिझाइनचा गाभा माल परत घेण्याच्या हमीत आहे.

आता ज्वारी-बाजरीकडे येतो, कारण इथे सर्वांत जास्त नवउद्योग उतरलेत आणि सर्वांत जास्त गफलतही इथेच आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं आणि बिस्किटं, नूडल्स, कुरकुरीत खाऊ यांची पाकिटं दुकानांत रचली गेली. रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, पाणी जवळजवळ मागत नाही, म्हणून पर्यावरणाचं गणित सरळ वाटतं. पण सोलापूर-मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला विचारा. त्याच्यासाठी ज्वारी म्हणजे दाणा आणि कडबा दोन्ही. बुटक्या वाणाचा दाणा भरघोस आला, तरी कडबा कमी पडला तर गुरं काय खाणार? काढणी हाताने करायची, त्यासाठी माणसं मिळत नाहीत आणि ज्वारीचं क्षेत्र घटण्याचं हे मोठं कारण आहे. बाजरीची अडचण पिठाच्या डब्यात आहे. तिच्यातली चरबी दळल्यावर लवकर खवट होते आणि काही दिवसांत पीठ कडवट लागतं. गिरणीवर आठवड्याला दळून आणणाऱ्या घरात हा प्रश्न नव्हता, महिनाभर फळीवर राहणाऱ्या पाकिटात तो येतो. म्हणजे या पिकांसाठी काम करू इच्छिणाऱ्या डिझायनरपुढे कापणीचं अवजार आहे, कडब्याचा बाजार आहे, पीठ टिकवण्याची प्रक्रिया आहे, शहरातली लहान ताजी गिरणी आहे, भाकरी थापायचा वेळ नसलेलं घर आहे. पाकिटावरचं चित्र या यादीत फार खाली येतं.

हे सगळं आत्ताच का? महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि केंद्राने २०२२ मध्ये एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर निर्बंध आणले, पण खाद्यपदार्थांची अनेक थरांची चकचकीत पाकिटं तशीच आहेत. ती गोळा केली तरी त्यांचे थर वेगळे करता येत नाहीत. अवकाळी पाऊस आणि गारपीट आता अपवाद राहिलेले नाहीत. शहरांत दहा मिनिटांत किराणा पोचवण्याची शर्यत लागली आहे. तिच्यासाठी वस्तीवस्तीत लहान गोदामं उभी राहिली आणि अन्न शहरात कसं साठवलं जाईल हे काही मोजक्या कंपन्या ठरवू लागल्या. या गोदामांत स्थानिक शेतकरी गटाच्या भाजीला जागा असेल की नाही, याचा निर्णय पुढच्या थोड्या वर्षांत होऊन जाईल. तो झाल्यावर बोलून उपयोग नाही.

आणखी एक कारण आहे आणि त्यावर मी जरा आग्रहाने बोलणार आहे. सॉफ्टवेअरच्या जगातून आलेली एक शिकवण अन्नाच्या स्टार्टअपमध्ये जशीच्या तशी उतरली आहे: अर्धवट वस्तू बाजारात आणा, लवकर चुका, लवकर सुधारा. अ‍ॅपच्या बटणाचा रंग दर आठवड्याला बदलून पाहता येतो. तूर लावणाऱ्याला वर्षातून एकच हंगाम मिळतो. त्याच्या शेतावर तुमचा प्रयोग फसला तर त्याचं वर्ष जातं आणि तुमच्या सादरीकरणात एक ओळ वाढते. म्हणून प्रयोग लहान वाफ्यावर करणं, त्या वाफ्याच्या उत्पन्नाची हमी आधी देणं, नुकसान कोण भरेल ते लिहून ठेवणं, हे सगळं डिझाइनच्या पद्धतीतच शिकवायला हवं. आज ते अभ्यासक्रमांत जवळजवळ नाही. गुंतवणूकदाराचं घड्याळ तिमाहीचं आणि शेतीचं हंगामाचं. ही दोन घड्याळं जुळवून देणं मला डिझायनरच्या कामांतलं सर्वांत अवघड वाटतं आणि अनेक चांगले उद्योग तिथेच मोडले आहेत.

या पुस्तकातले लेख अन्नाच्या वाटेने लावले आहेत: बांध, काढणी, निवड, वाहतूक, दुकान, स्वयंपाकघर, उकिरडा. लिहिणाऱ्यांत डिझायनर आहेत, अभियंते आहेत, उत्पादक कंपन्या चालवणारे आहेत. त्यांची मतं जुळत नाहीत. मोबाइलवरून थेट विक्री हेच शेतकऱ्याचं भलं, असं एका लेखात ठामपणे मांडलं आहे, तर दुसऱ्यात अडत्याची गरज का संपत नाही आणि अडचणीच्या वेळी उचल कोण देतं, हे तितक्याच ठामपणे. संपादक म्हणून मी ही भांडणं मिटवली नाहीत. लेखकांना एकच अट घातली होती. तुमच्या रचनेमुळे कुणाचं काम वाढलं, हे प्रत्येकाने लिहायचं. काहींना ते सहज जमलं, काहींचे लेख त्यासाठी दोन-तीनदा परत पाठवावे लागले आणि तेच लेख मला आज सर्वांत उपयोगी वाटतात. यशाच्या गोष्टी आहेत, बंद पडलेल्या उद्योगांच्याही आहेत. रेखाचित्रं मुद्दाम मोठी आणि मापांसह छापली आहेत, कुणी त्यावरून वस्तू करून पाहावी म्हणून.

नवख्या वाचकाने पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. ज्याच्या घरी शेती आहे त्याने काढणी आणि निवड या भागांपासून सुरुवात करावी, शहरात वाढलेल्या विद्यार्थ्याने स्वयंपाकघर आणि उकिरड्यापासून, कारण तिथलं निरीक्षण त्याला उद्या सकाळीच करता येईल. उद्योजकाने वाहतुकीचा भाग आधी वाचावा. रिकामं कॅरेट परत कोण आणतं आणि त्याचं भाडं कोण देतं, या एका प्रश्नावर तिथे तीन लेख आहेत.

एक मोठी उणीव सांगायला हवी. कोकण आणि गोव्याची मासळी या पुस्तकात नावापुरतीच आली आहे. बंदरावरचा बर्फ, थर्माकोलचे खोके, पहाटेचा लिलाव, टोपली घेऊन लोकलच्या मालडब्यात चढणारी कोळीण आणि सुकवलेल्या बोंबलांच्या वलांड्या या विषयाला स्वतंत्र खंडच लागेल. त्यासाठीची टिपणं जमवायला सुरुवात झाली आहे. बर्फाशिवाय मासळी टिकवण्याच्या जुन्या-नव्या पद्धतींवर किनाऱ्यावर काम करणाऱ्या वाचकांनी आपली निरीक्षणं प्रकाशकांकडे कळवावीत, आणि शक्यतो मापं, वेळा आणि खर्च यांच्या नोंदींसह.